अठ्ठावीस मापे आणि न मोजलेला माणूस

नगरपालिकेचा अहवाल हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न काही विद्वानांना पडेल. पडू द्यावा. आपल्या वस्तीत नळ कधी यायचा, नाला कोणी उपसायचा आणि कचऱ्याचा डोंगर कुणाच्या दारात उभा राहायचा हे ज्या मजकुराने ठरते, तो मजकूर कुठल्याही कादंबरीपेक्षा आपल्या जगण्याला अधिक जवळून भिडलेला आहे. दलित साहित्याने प्रस्थापित वाङ्मयाला एक साधाच प्रश्न विचारला होता. या पानांवर कोण आहे आणि कोण नाही? जो आहे तो कर्ता म्हणून आहे की कर्म म्हणून? कथा-कवितेला विचारलेला हा प्रश्न शहरांच्या प्रगतिपुस्तकांना मात्र आपण अजून नीट विचारलेला नाही. आकडे दिसले की आपण मान खाली घालतो. आकडा निःपक्षपाती असतो, त्याला जात नसते, असा एक समज आपल्यातल्या शिकलेल्यांच्याही मनात मुरलेला आहे.

शहर चालवणाऱ्यांची आता एक ठरलेली भाषा झाली आहे. शहराने आधी उद्दिष्टे ठरवावीत, प्रत्येक उद्दिष्टाला माप लावावे आणि वर्षाकाठी कामगिरी त्या मापाशी ताडून पाहावी. केंद्र सरकारच्या नगरविकास मंत्रालयाने २००८ साली यासाठी एक मार्गदर्शक पुस्तिका काढली. पाणीपुरवठा, मलनिःसारण, घनकचरा आणि पावसाच्या पाण्याचा निचरा अशा चार सेवा, आणि त्यांची मिळून २८ मापे. पाण्याची नऊ, मलनिःसारणाची नऊ, घनकचऱ्याची आठ, निचऱ्याची दोन. दरडोई दररोज १३५ लिटर पाणी आणि तेही चोवीस तास. घरटी कचरा उचलण्याचे प्रमाण १०० टक्के. ज्याचा पैसा मिळत नाही असे पाणी २० टक्के. तक्रारींचे निवारण ८० टक्के. खर्चाची वसुली १०० टक्के. पाणी तुंबण्याच्या घटना शून्य. २०१० ते २०१५ या काळासाठी नेमलेल्या तेराव्या वित्त आयोगाने अनुदानाचा काही भाग मिळवायचा असेल तर या चार सेवांची उद्दिष्टे जाहीर केली पाहिजेत अशी अट घातली. तेव्हा ही मापे केवळ सल्ला राहिली नाहीत. त्यांच्यामागे पैसा उभा राहिला.

या पुस्तिकेचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. त्याआधी आपल्या नगरपालिका काय मोजत होत्या? किती कोटी खर्च झाले, किती किलोमीटर नळ टाकले, किती गाड्या घेतल्या. नळ टाकला म्हणजे पाणी आले असे समजण्याची त्यांची रीत होती. २००८ च्या पुस्तिकेने निदान असे म्हटले की घरापर्यंत काय पोहोचले ते मोजा. ज्यांच्या वस्तीत नळ आहे पण पाणी नाही, संडास आहे पण त्याला दार नाही, त्यांना या फरकाची किंमत कोणी समजावून सांगायला नको.

पण आता हीच २८ मापे पुन्हा एकदा, व्याकरणाच्या अंगाने वाचावीत. कचरा उचलला जातो. मैलापाणी वाहून नेले जाते. गटार साफ केले जाते. संपूर्ण पुस्तिका कर्मणी प्रयोगात आहे. क्रिया आहे, क्रियेचे फळ आहे, फळ भोगणारा आहे. करणारा तेवढा नाही. घरटी कचरा १०० टक्के उचलायचा, पण कुणाच्या हाताने? त्या हातात हातमोजा होता काय? मलवाहिनी तुंबली ती कोणी मोकळी केली, यंत्राने की आत उतरलेल्या माणसाने? उतरलेला माणूस वर आला काय? २८ मापांत यासाठी एकही रकाना नाही. शहराची सेवा मोजण्याचे शास्त्र उभे राहिले आणि त्यात सेवा देणाऱ्याची गणना शून्य.

माझ्या या म्हणण्यात थोडी दुरुस्ती केली पाहिजे. तो माणूस या पुस्तिकेत एका ठिकाणी आहे. खर्चाच्या वसुलीचे जे माप आहे त्यात तो आहे. सेवेतून आलेले उत्पन्न भागिले सेवेवर झालेला चालू खर्च, असे ते गणित. या भागाकाराच्या खालच्या मजल्यावर विजेचे बिल, डिझेल आणि यंत्रांच्या दुरुस्तीबरोबर मजुरी म्हणून तो बसलेला आहे. उत्पन्न वाढवायचे तर कर वाढवावा लागतो, आणि कर वाढवला की नगरसेवक ओरडतात. त्यापेक्षा खर्च कमी करणे सोपे. कायम कामगार निवृत्त झाला की त्याची जागा भरायची नाही, तेच काम कंत्राटावर द्यायचे, निम्म्या-पाव पैशात करून घ्यायचे. टक्केवारी सुधारते. कागदावर शहराची कामगिरी उंचावते ती नेमक्या त्याच क्षणी, ज्या क्षणी एका कामगाराची रजा, भविष्यनिर्वाह निधी आणि घर जाते. हा मापाचा अपघात नाही. ते माप असेच बांधलेले आहे.

हे सारे मुंबईत कसे घडले ते पाहण्यासारखे आहे, कारण तिथे या गणिताने स्वतःची एक मराठी भाषा निर्माण केली. १९९७ च्या सुमारास मुंबई महापालिकेने मध्यमवर्गीय गल्ल्यांमध्ये रहिवाशांचे गट करून त्यांच्याशी सहकार्याची एक व्यवस्था सुरू केली. या गटांतील माणूस 'नागरिक'. तो बैठकीला येतो, सूचना करतो, वॉर्ड ऑफिसरशी खुर्चीवर बसून बोलतो. त्यानंतर काही वर्षांनी झोपडपट्ट्यांसाठी 'दत्तक वस्ती योजना' आली. दत्तक कोण कुणाला घेतो? ज्याला आईबाप नाहीत त्याला. वस्तीला दत्तक घेतले आणि वस्तीतला कचरा काढणाऱ्याला 'स्वयंसेवक' असे नाव दिले; त्याच्या मजुरीला 'मानधन' म्हटले. गटार उपसणारा हा स्वयंसेवक आणि त्याला मिळतात ते मानाचे धन! मराठी भाषेची एवढी क्रूर थट्टा आपल्या विनोदी लेखकांनाही साधली नसती. परंतु हा विनोद नव्हता, कायद्याचा डाव होता. स्वयंसेवक कामगार नसतो, म्हणून त्याला किमान वेतन नाही. मानधन वेतन नसते, म्हणून त्यावर निधी नाही. योजनेचे नाव २०१३ मध्ये बदलून 'स्वच्छ मुंबई प्रबोधन अभियान' झाले. प्रबोधन! ज्या शब्दाला महात्मा फुल्यांपासूनचा इतिहास आहे तो शब्द झाडूच्या दांड्याला बांधण्यात आला. स्वयंसेवक आणि मानधन जिथल्या तिथे राहिले.

कचरा वाहतूक श्रमिक संघाने कचरागाड्यांवरील अशाच कामगारांसाठी वर्षानुवर्षे लढा दिला. कंत्राट हा केवळ देखावा आहे, हे कामगार महापालिकेचेच आहेत, असे औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये म्हटले, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे २,७०० कामगारांना कायम करण्याचा निर्णय उचलून धरला. निकाल लागल्यावरही त्यांतल्या अनेकांना आपण तेच आहोत हे सिद्ध करत बसावे लागले, कारण यादीतले नाव आणि ओळखपत्रावरचे नाव जुळत नव्हते. कंत्राटदाराच्या माणसाने जे नाव जसे ऐकले तसे लिहिले होते. महापालिकेच्या प्रगतिपुस्तकात या २,७०० जणांनी उचललेला कचरा टनाटनाने नोंदला गेला होता. उचलणाऱ्यांची नावे नीट लिहिण्याची गरज कुणाला भासली नव्हती.

ही गोष्ट नवी आहे असे मानण्याचे कारण नाही. मुंबई इलाख्यात १८९० साली नगरपालिका-नोकरांविषयी एक कायदा झाला होता. घाण काढणाऱ्या कामगाराने परवानगीवाचून काम सोडले तर त्याला तुरुंगात टाकण्याची तरतूद त्यात होती. कारकुनाने नोकरी सोडली तर ती नोकरी सोडणे. झाडूवाल्याने सोडली तर तो गुन्हा. सेवेची हमी शहराला देण्यात आली ती अशी. त्या काळच्या राज्यकर्त्यांनी निदान लपवाछपवी केली नव्हती. शहर स्वच्छ राहावे म्हणून काही माणसे बांधून ठेवावी लागतात, हे त्यांनी कायद्यात लिहून ठेवले होते. बाबासाहेबांनी १९३५ मध्ये मुंबई म्युनिसिपल कामगार संघ स्थापन केला तो या पार्श्वभूमीवर. आज कायद्याचा दोर दिसत नाही, कारण त्याचे काम जात आणि गरज मिळून करतात.

आता सेवा घेणाऱ्यांकडे येऊ. तिथे तरी हे माप सर्वांना सारखे लागते काय?

मुंबईला दररोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी पुरवले जाते. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख भरली. भागाकार केला तर माणशी ३०० लिटरांहून अधिक. गळती आणि कारखाने वजा केले तरी १३५ चे उद्दिष्ट सहज गाठल्यासारखे दिसते. मुंबई पास! पण याच महापालिकेचे पाणी देण्याचे नियम काय सांगतात? इमारतीतल्या माणसाला १३५ लिटर, झोपडपट्टीतल्या माणसाला ४५. एका शहराच्या एका खात्यात माणसाच्या तहानेचे दोन दर आहेत आणि ते लेखी आहेत. त्याच जनगणनेनुसार शहराची ४१ टक्के माणसे झोपडपट्टीत राहतात. सरासरी काढली की हे दोन दर एकमेकांत विरघळतात. सरासरी हे विषमता झाकण्याचे सर्वांत सभ्य साधन आहे. गावात पाणवठे दोन होते, ते उघड्या डोळ्यांनी दिसत. शहराच्या अहवालात पाणवठा एकच दिसतो, कारण दोन्हींची बेरीज करून भागाकार केलेला असतो.

ज्यांना ४५ देखील मिळत नव्हते त्यांचे काय? ठरावीक तारखेनंतर उभ्या राहिलेल्या झोपड्यांना पाणी देता येणार नाही, अशी भूमिका घेतली जात होती. ती माणसे भागाकारात होती, नळावर नव्हती. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने असे सांगितले की झोपडी बेकायदा असली तरी त्यातल्या माणसाला पाणी नाकारता येत नाही. स्वातंत्र्य मिळून ६७ वर्षे झाल्यानंतर हे न्यायालयाला सांगावे लागले.

महापालिकेने २००९ मध्ये मुंबईचा मानवविकास अहवाल प्रसिद्ध केला. त्यात वॉर्डवार निर्देशांक होता. देवनारचा कचरा-डोंगर, गोवंडी आणि मानखुर्द ज्यात येतात त्या एम-पूर्व वॉर्डाचा निर्देशांक ०.०५ निघाला, सर्वांत तळाचा. एकदाच वॉर्डवार मोजले तर शहराची जात उघडी पडली. देवनारला शहराचा कचरा १९२७ पासून जातो आहे. जानेवारी २०१६ मध्ये तो डोंगर पेटला आणि धूर शहरभर पसरला, तेव्हा कुठे डोंगराची बातमी झाली. त्याआधी तो फक्त त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांच्या नाकात होता.

तक्रारींच्या मापाविषयीही दोन शब्द. आलेल्या तक्रारींपैकी ८० टक्के तक्रारी वेळेत निकाली निघाल्या की सेवा चांगली. पण तक्रार करतो कोण? ज्याचा पत्ता अधिकृत आहे, ज्याला अधिकाऱ्याची भीती नाही. ज्या वस्तीवर हातोडा कधीही पडू शकतो ती वस्ती महापालिकेला फोन करून आपला पत्ता सांगत नाही. तिथून तक्रार येत नाही आणि तक्रार नाही म्हणजे तिथे सारे ठीक आहे, असा अर्थ हे माप काढते. हजेरी चौकीत सफाई कामगाराने मुकादमाविरुद्ध, फाटक्या गमबुटाविरुद्ध केलेली तक्रार तर या मापात धरलीच जात नाही. ती 'अंतर्गत बाब' आहे.

मापांच्या वर असतात ती उद्दिष्टे. ती कोण ठरवतो? २००३ मध्ये 'बॉम्बे फर्स्ट' या उद्योगपतींच्या संस्थेने मॅकिन्झी या कंपनीकडून मुंबईचे एक स्वप्न लिहवून घेतले. २०१३ पर्यंत मुंबई जागतिक दर्जाचे शहर व्हावे असे ते स्वप्न. झोपडपट्टीत राहणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याहून अधिक आहे ते १० ते २० टक्क्यांवर आणायचे, हे त्यातले एक उद्दिष्ट. वाचायला किती चांगले वाटते! पण हे प्रमाण दोन मार्गांनी खाली येऊ शकते. लोकांना घरे द्या, किंवा लोकांनाच काढून द्या. माप दोन्हींना सारखेच गुण देते. २००४-०५ च्या हिवाळ्यात मुंबईत हजारो झोपड्या जमीनदोस्त झाल्या, तेव्हा यांपैकी कोणता मार्ग राज्यकर्त्यांना जवळचा वाटतो हे कळून चुकले. २०१३ आले आणि गेले. त्या स्वप्नाचा हिशेब त्या झोपडीवाल्यांसमोर कोणी मांडला नाही.

उद्दिष्ट आणि कामगिरी यांची तुलना ही परदेशातून आलेली व्यवस्थापनाची विद्या आहे असे आपल्याला शिकवले जाते. आपल्या चळवळीला ही विद्या कोणी शिकवायची गरज नाही. ऑगस्ट १९२३ मध्ये रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने संमत केला: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने ठराव करून चवदार तळे खुले असल्याचे जाहीर केले. उद्दिष्ट १०० टक्के. कागद पूर्ण. तीन वर्षे गेली आणि तळ्याच्या पायऱ्या एकाही अस्पृश्याने उतरल्या नाहीत. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्या घटनेला आपण सत्याग्रह म्हणतो, मुक्तिसंग्राम म्हणतो, ते योग्यच आहे. पण ती एका नगरपालिकेच्या ठरावाची तिच्याच तळ्यावर केलेली तपासणीदेखील होती. आणि तपासणीनंतर नगरपालिकेने काय केले? कामगिरी उद्दिष्टापर्यंत नेली काय? ऑगस्ट १९२७ मध्ये तिने उद्दिष्टच मागे घेतले, ठराव रद्द केला. ते पाणी सर्वांचे आहे हे न्यायालयाकडून मिळवायला १९३७ साल उजाडले.

महाडचा हा धडा आजच्या मापांना लावून पाहावा. तिथे मोजणारा तळ्याबाहेर ठेवलेला माणूस होता, म्हणून मोजणी खरी निघाली. आज नगरपालिका स्वतःचे उद्दिष्ट स्वतः लिहिते, स्वतःच आकडे भरते आणि स्वतःच छापते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो अगदीच पोकळ नाही. ही सेवेची मापे आहेत, कामगारांसाठी वेगळे कायदे आहेत, दोन्ही एकत्र का करता? शिवाय २०१६ पासून सुरू झालेल्या स्वच्छ सर्वेक्षणात पुढे पुढे कामगारांच्या सुरक्षेलाही थोडे गुण ठेवले गेले, 'सफाईमित्र' असा शब्द आला. आला, हे मान्य. पण मित्राला मॅनहोलमध्ये उतरवणारे शहर मैत्रीचा कोणता अर्थ घेते? हाताने मैला उचलण्यास बंदी घालणारा पहिला कायदा १९९३ चा, दुसरा २०१३ चा. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख देण्यास सांगितले, २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली, आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह सहा महानगरांत ही प्रथा थांबवण्याचा आदेश पुन्हा द्यावा लागला. २०२१ मध्ये केंद्र सरकारने संसदेत सांगितले की हाताने मैला उचलण्यामुळे एकाही मृत्यूची नोंद नाही; गटारे आणि मलटाक्यांच्या 'धोकादायक सफाई'त मात्र ९४१ माणसे मेली आहेत. रकान्याचे नाव बदलले आणि एका रकान्यात शून्य आले. वेगळे कायदे असतात ते असे. म्हणूनच हे माप सेवेच्या मापांतच पाहिजे. ज्या वर्षी शहरात एक माणूस गटारात मेला त्या वर्षी त्या शहराच्या मलनिःसारणाला शून्य गुण, बाकीचे नऊही रकाने भरलेले असले तरी. असे एक माप घाला आणि पाहा, यंत्रे किती लवकर खरेदी होतात!

अरुण ठाकूर आणि महम्मद खडस यांचे 'नरक सफाईची गोष्ट' १९८९ मध्ये आले, तेव्हा मराठी वाचकाला या माणसांकडे पाहावे लागले. सरकारी पुस्तिका त्यानंतर १९ वर्षांनी आली. लिहिणाऱ्यांनी हे पुस्तक वाचले असते तर २९ वे माप सुचायला अडचण नव्हती.

माहिती मिळत नाही, असे कारण तर कोणी सांगूच नये. प्रत्येक हजेरी चौकीत हजेरीपट असतो. कोण कधी आजारी पडला, कोण कधी येईनासा झाला, हे त्यात रोज लिहिले जाते. कायम कामगार नोकरीत असताना मेला किंवा कामाला निकामी झाला की त्याच्या मुलाला वा बायकोला त्याच जागी घेतात. कामगार त्याला 'पी. टी. केस' म्हणतात. या प्रत्येक केसच्या फाइलमध्ये एक मृत्यूचा नाहीतर आजाराचा दाखला आहे, वय आहे, कामाचे ठिकाण आहे. महापालिकेच्या कपाटात या फाइलींचे गठ्ठे बांधून ठेवलेले आहेत. बापाचा झाडू मुलाकडे जाण्याचा हा हक्क आपल्याला मिळाला यात आनंद मानावा की शरम, हा वाद आपल्यात पुष्कळ वर्षे चालू आहे आणि चालू राहील. पण त्या फाइली वयाप्रमाणे लावून एक तक्ता काढायला एका कारकुनाला महिनाभर लागेल, अधिक नाही. शहराचा सफाई कामगार सरासरी कितव्या वर्षी मरतो आणि कशाने, हे त्यातून कळेल.

कंत्राटी कामगाराची मात्र पी. टी. केस होत नाही. त्याचे नाव चौकीच्या हजेरीपटावर नव्हतेच. तो गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गाडीवर दुसरा माणूस उभा असतो, आणि घरटी कचरा उचलण्याचे प्रमाण त्या दिवशीही तेवढेच भरते.